डास चावून एचआयव्ही होत नाही, एकदा नीट समजून घ्या

नमस्कार मंडळी. कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली हा प्रश्न असतोच, "मॅडम, एचआयव्ही असलेल्या माणसाला चावलेला डास आपल्याला चावला तर?" आज त्याचाच निकाल लावू.

बाकीचं भराभर सांगते. कंडोमशिवाय शरीरसंबंध, बाधित रक्त, दुसऱ्याची वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून. लागण होते ती अशी. मिठी, घाम, थुंकी, उष्टं पाणी, संडास यांतून होत नाही.

आता डास. डासाच्या सोंडेत दोन वेगळ्या नळ्या असतात. एकीतून चावणारी मादी स्वतःची लाळ आत सोडते, दुसरीतून रक्त वर ओढते. आधीच्याचं रक्त ती तुमच्यात ओतत नाही. "मग मलेरिया, डेंग्यू कसा होतो?" बरोबर प्रश्न आहे. ते जंतू डासाच्या शरीरात वाढतात आणि लाळग्रंथीत पोचतात. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या पेशी लागतात, डासात तो रक्ताबरोबर पचून जातो. अजून पटत नाही? मग गाव आठवा. डास शाळकरी पोरांनाही चावतात, आजी-आजोबांनाही. डासांतून पसरत असता तर एका घरात एकाला झाला की सगळ्यांना झाला असता. एकाने लिहिलंय, "हातावर डास मारला, रक्त लागलं." तरीही नाही हो. धडधाकट कातडीतून विषाणू आत जात नाही.

मी एवढी का चिडते? माझ्या ओळखीच्या, एचआयव्ही असलेल्या एका ताईंचं ताट-वाटी घरच्यांनी मोरीच्या कट्ट्यावर वेगळं पालथं घातलेलं असायचं. त्यांना बाहेरच्या खोलीत मच्छरदाणीत झोपवायचे, डास त्यांना चावून पोरांना चावेल म्हणून. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने बाईला राहत्या घरात राहायचा आणि तिथल्या सोयी भेदभावाशिवाय वापरायचा हक्क दिलाय, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि हेही ऐका. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी सेंटरवर फुकट मिळतात. त्या रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा साठा, तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात 782 समलिंगी पुरुष जोडपी होती, कंडोम न वापरणारी, एकाला एचआयव्ही असलेली. 2019 ला निकाल छापून आला. गोळ्या घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. गोळ्या सोडल्या की मात्र विषाणू पुन्हा वाढतो.

कंडोम फाटला किंवा वापरलेली सुई टोचली, तर मला मेसेज करून उत्तराची वाट बघू नका. लोक आठवडा उलटल्यावर विचारतात, तेव्हा फार जीव तुटतो. लागण टाळायचं औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस घ्यायचं असतं. तडक सरकारी रुग्णालय गाठा. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 लावा, फोन फुकट आहे.