चळवळं मूल आणि अतिचंचलता

श्रोतेहो, नमस्कार.

तीन-चार वर्षांचं मूल एका जागी बसत नाही, ही तक्रार घरोघरी असते, आणि बहुतेक वेळा ते मूल ठणठणीत असतं. या वयात धावणं, चढणं, प्रश्नांची सरबत्ती करणं स्वाभाविकच आहे.

अतिचंचलतेची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि स्वतःला आवरता न येणं या विकाराची (इंग्रजीत एडीएचडी), शंका घ्यायची ती वेगळं काही दिसलं तर. आवडीचा खेळही मांडून होण्याआधी सोडून देणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं, घसरगुंडीच्या रांगेत पाळी येईपर्यंत थांबायची इच्छा असूनही थांबता न येणं. असं वागणं त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा ठळकपणे जास्त हवं, निदान 6 महिने टिकलेलं हवं, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवं. शिवाय त्यामुळे शिकणं किंवा मैत्री अडत असायला हवी. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेलं मूल नुसतं वयामुळेही चंचल वाटतं, हे शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावं. उलट, स्वतःत हरवलेली, वस्तू विसरणारी मुलगी वर्गाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. याची मला फार खंत वाटते.

हे निदान रक्ताच्या तपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून होत नाही. अनोळखी डॉक्टरांपुढे मूल थोडा वेळ शहाण्यासारखं बसू शकतं. मोबाइलवर तासभर खिळून राहतं, यावरूनही काही ठरत नाही. तिथे क्षणाक्षणाला नवं काही समोर येतं. म्हणून डॉक्टरांची भिस्त असते पालकांच्या आणि शिक्षकांच्या माहितीवर. ‘फार मस्ती करतो’ एवढं सांगून भागत नाही. ‘गोष्ट ऐकताना चारदा उठला, शेजारच्याला दोनदा ढकललं’ असं वहीत लिहून ठेवा.

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही, ते मूल ‘लक्ष देत नाही’ असंच वाटतं. रात्री घोरत असेल तर तेही सांगा. अपुऱ्या झोपेने लहान मुलं मरगळण्याऐवजी पुष्कळदा जास्तच उधळतात.

आणि आईवडिलांनो, स्वतःला दोष देऊ नका. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लाडामुळे हे होत नाही आणि माराने जात नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत सुरुवात सहसा औषधाने नव्हे, पालकांच्या प्रशिक्षणाने होते: एका वेळी एकच सूचना, आणि ती पाळली की लगेच शाबासकी. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या, शिक्षकांकडूनही चार ओळी लिहून घ्या.

नमस्कार.