अंगठा लागत नाही
(खाडीकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अध्यक्ष आत्ता म्हणाले, “पाहुण्यांना ओळखीची गरज नाही,” आणि पुढे दहा मिनिटं माझी ओळख करून दिली. तक्रार नाही. उलट आजचा विषय त्यांनीच सुरू करून दिला. पत्रिकेवर ‘तंत्रज्ञान, काळ आणि मी’ असं भारदस्त काहीतरी छापलंय, पण मी सुरुवात रेशनच्या दुकानापासून करणार आहे.

आमच्या शेजारी एक काकी आहेत. फाल्गुन लागला की वैशाखापर्यंत त्या ओल्या काजूबिया सोलतात. तुम्हाला हे काम सांगायला नको, पण मागे दोन-चार मुंबईकर बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. बी विळीवर उभी चिरायची आणि टोकदार काडीने गर अलगद उचकटायचा. गर मोडला तर शेकड्यात धरत नाहीत. सालीत जो चीक असतो तो तेलकट आणि जाळणारा. खोबरेल चोपडा, राख फासा, तो कुठून तरी शिरतोच. आधी बोटं काळी पडतात, मग सालपटं निघतात, आणि खालून येते ती कातडी लहान मुलाच्या गालासारखी गुळगुळीत.

तर चैत्रात काकी रेशनला गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, लागेना. पदराला पुसून ठेवला, केसांत घासून ठेवला. मग एकेक करून दहाही बोटं झाली. दुकानावरचा पोरगा वाडीतलाच. तो म्हणाला, “काकी, मी ओळखतो ओ तुम्हाला. मशीन नाय ओळखत.” काकी म्हणाल्या, “मग सांग त्या मशीनला. चार वर्षांचा असताना आमच्या विहिरीच्या कट्ट्यावर आपटलास, तेव्हा तुला कडेवर घेऊन दवाखान्यात कोण धावलं ते सांग.” पोरगा काही बोलला नाही. त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला. तिथे टाक्यांची खूण आहे.

मी रांगेत मागे उभा होतो. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण ‘व्यक्तीची एकता’, म्हणजे काळ गेला तरी माणूस तोच कसा राहतो, हा धडा इतक्या थोडक्यात मला कधी जमला नव्हता.

यंत्र काय करतं ते आधी बघू. बोटावरच्या रेघा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, एवढ्या जागा ते टिपतं आणि पूर्वी टिपून ठेवलेल्या जागांशी पडताळतं. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जुळलं तर ‘होय’, नाहीतर ‘नाही’. या रेघा आपण आईच्या पोटात असतानाच घडतात आणि त्यांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. म्हणून वरची कातडी जळली तरी काही आठवड्यांनी तीच नक्षी परत वर येते. काकींचा अंगठा श्रावणात बिनतक्रार लागतो. म्हणजे दप्तरी हिशेबाने काकी चैत्रात काकी नसतात, श्रावणात पुन्हा काकी होतात!

हसू नका, यंत्र बांधणाऱ्यांनाही काळाची धास्ती होती. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्याच व्यवस्थेत मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. पंधरानंतर ही सक्ती थांबते. त्यापुढे शरीराने काय काय सोसावं, चीक, चुना, सिमेंट, जाळ्याची दोरी, हे त्या वेळापत्रकात बसत नाही.

आता जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाकडे जाऊ. १६९४ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवं प्रकरण घातलं. त्यात तो विचारतो: एखाद्या राजपुत्राचं मन, त्याच्या सगळ्या आठवणींसकट, चांभाराच्या शरीरात शिरलं तर तो कोण? लॉकचं उत्तर आहे, राजपुत्र. व्यक्ती म्हणजे शरीर नव्हे, मागचं ‘मी केलं’ म्हणून आठवणारी जाणीव. म्हणजे लॉक काकींच्या बाजूने उभा राहिला असता, अंगठा कसाही असो. पण रेशनच्या खिडकीपाशी त्याचा उपयोग शून्य, कारण जाणीव काचेवर दाबता येत नाही.

आपल्याकडे गौतम ऋषीच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, आत्म्याचा एक युक्तिवाद आहे, आणि तो वाचताना मला आता हमखास रेशनचं दुकान आठवतं. गौतम म्हणतो, जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी हाताने चाचपतो. पाहणारा डोळा वेगळा, स्पर्श करणारी त्वचा वेगळी, तरी ‘जे पाहिलं तेच हे’ असं मला कळतं. तर या दोघांच्या पलीकडे कुणीतरी एक असला पाहिजे. आणि आधारमध्ये काय घेतात? दहा बोटं आणि दोन बुबुळं! अंगठा लागला नाही तर डोळा लावा. दर्शन आणि स्पर्शन, दोन्ही आहे. फक्त या दोघांच्या पलीकडे गौतमाने जिथे आत्मा बसवला, तिथे आता बारा आकडी क्रमांक बसलाय.

बौद्धांना हा पलीकडचा ‘एक’ मुळीच मान्य नव्हता. पण मग जबाबदारी कोणाची? मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेन उत्तर देतो ते ऐकून कोकणातला माणूस सावध होईल, कारण उदाहरण आंबेचोराचं आहे. पकडलेला चोर म्हणतो, ‘यांनी लावला तो आंबा वेगळा, मी चोरले ते वेगळे. माझा गुन्हा काय?’ नागसेन म्हणतो, गुन्हा आहेच, कारण हे आंबे त्या आंब्यातूनच आले. एकच वस्तू टिकलेली नसेल, पण साखळी तुटलेली नाही. आपण हापूसचं कलम बांधतो तेव्हा दुसरं काय करतो? कोय लावली तर हापूस मिळेल याची खात्री नाही, म्हणून जुन्या झाडाची काडी नव्या रोपावर बांधायची. तुमच्या परसातलं झाड म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांच्या झाडाचाच लांबत आलेला तुकडा. ते ‘तेच’ झाड की ‘दुसरं’? बागवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, धरतंय ना, मग झालं.

मला जे म्हणायचंय ते आता सांगून टाकतो. काकींच्या त्या पोराला ओळखण्यात मधली पंचवीस वर्षं मोजलेली आहेत. पडणं, रडणं, टाके, ती खूण. यंत्राच्या पडताळणीत दोनच क्षण असतात, ठसा दिला तो आणि आज लावला तो. मधे जे घडलं ते त्याच्या लेखी मळ, पुसून टाकायचा. आता काकींची बोटं जळली ती चाळीस चैत्र काजू सोलल्यामुळे. त्या कोण आहेत हे त्या जळक्या बोटांइतकं स्वच्छ कुठेच लिहिलेलं नाही. आणि नेमकं तेच वाचून यंत्र म्हणतं, जुळत नाही.

यंत्रावर राग नाही माझा. दुकानदाराची ओळख लहरीही असू शकते. ओळखीच्याला धान्य आणि वाडीबाहेरच्याला ‘उद्या या’, हेही आपण पाहिलंय. यंत्र निदान जात विचारत नाही.

घड्याळाचंही असंच आहे. १ जानेवारी १९०६ला देशभर एक प्रमाणवेळ आली, साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. मुंबईने ती मनावर घेतली नाही. एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ तिने १९५५पर्यंत चालवली. रत्नागिरीचा हिशेब केला तर आपला सूर्य घड्याळाच्या सदतीसेक मिनिटं मागे चालतो. बारा वाजले म्हणून सावली पायाशी येत नाही. प्रमाणवेळेशिवाय रेल्वे चालणार नाही, हे खरंच. पण वेळेतून गाव काढून टाकलं की ती प्रमाणवेळ होते, हेही तितकंच खरं. आणि कोकण रेल्वेलासुद्धा पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक काढावं लागतंच की!

खाडीचं घड्याळ निराळं. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, तेवढ्या वाजता भरती. अर्धा-पाऊण तास मागेपुढे, पण होडी काढायला पुरेसं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, तो हिशेब या ‘पाऊण’मध्ये बसलाय. आज द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाची. हे लक्षात ठेवा, मला होडीने परत जायचंय.

माझ्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आहेत. त्यांचे वडील खुणांवर मासेमारी करत. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आला की एक रेघ, दक्षिणेचं टोक आणि किल्ल्याचा बुरूज जुळला की दुसरी. दोन्ही छेदतात तिथे जाळं टाकायचं. मुलाने जीपीएस घेतला. दर हंगामाला चांगली जागा मिळाली की बटण दाबायचं. पंधरा वर्षांत दोनशेवर जागा साठल्या. एके दिवशी यंत्रात खारं पाणी गेलं आणि सगळं पुसलं. मला म्हणाले, “सर, माझं डोकंच गेलं.”

हे वाक्य अलंकारिक आहे असं समजू नका. १९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोघा तत्त्वज्ञांनी गंभीरपणे मांडलं की मन कवटीशी संपत नाही. त्यांच्या उदाहरणातला विसरभोळा ओटो वहीत पत्ता लिहून ठेवतो आणि ती वही बघूनच चालतो, तर ती वही त्याच्या स्मृतीचाच भाग. तसं असेल तर तांडेलांचं खरोखरच डोकं गेलं होतं. पण मला एक फरक दिसतो. वडिलांनी खुणा मुलाला दाखवल्या असत्या, तर त्या दोघांच्या झाल्या असत्या. बटण दाबलेली जागा यंत्राची झाली आणि यंत्राबरोबर गेली. वडील तर आधीच गेले होते.

गंमत अशी की त्या यंत्रात आइन्स्टाइन बसलेला असतो. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटरच्या वर जातो, म्हणून ती दुरुस्ती करावीच लागते. ६ एप्रिल १९२२ला पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ आणि आइन्स्टाइन समोरासमोर आले होते. बर्गसाँचं म्हणणं, मोजलेला काळ म्हणजे जगलेला काळ नव्हे. आइन्स्टाइनने तत्त्वज्ञांचा निराळा काळ मानायलाच नकार दिला. होडी जागेवर पोचते ती आइन्स्टाइनच्या हिशेबाने. बर्गसाँ हरला असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण जाळं टाकून पहाटेपर्यंत वाट बघत बसलेल्या खलाशाला विचारा, रात्र किती लांब होती.

मीही दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो. पूर्वी साहेबासमोर उभं राहून ‘मी हयात आहे’ अशी सही करायचो. आता मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७मध्ये लिहिलं, मी विचार करतो म्हणून मी आहे. तो बिचारा विचार करत बसला असता आणि पेन्शन बंद पडली असती!

काकींचं पुढे काय झालं ते राहिलंच. अंगठा नाही, तर ओटीपी. पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा मुंबईला. काकी दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावत होत्या. तो लोकलमध्ये, दिवा स्टेशनच्या पुढे कुठेतरी, आवाज येत नव्हता. शेवटी लागला. काकी ओरडून म्हणाल्या, “अरे, तुझ्या मोबाइलवर मी आलेय का बघ!” सहा आकडे आले. पोराने ते दाबले, पावती निघाली. तांदूळ मापून झाल्यावर काकींनी पिशवीतून ओल्या गरांची पुडी काढली, “तुझ्या आयशीला दे” म्हणाल्या आणि गेल्या.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला होता, पण दारात तरवाला, आमचा होडीवाला, उभा आहे आणि हातानेच खूण करतोय. सुटायची वेळ साडेसहाची, माझ्या घड्याळात पावणेसहा. पण धक्क्याजवळ चिखल दिसायला लागला म्हणतो. निघतो मी, माझी छत्री कुणाकडे आहे?