रास्तचा गंधार

नमस्कार श्रोतेहो.

रेशनच्या दुकानावर ‘रास्त भाव’ अशी पाटी असते. त्यातला ‘रास्त’ हा फारसी शब्द आहे. अर्थ सरळ, योग्य. अरबी संगीतातल्या एका फार मोठ्या मकामाचं नावही रास्तच आहे. मकाम म्हणजे, अगदी ढोबळमानाने, राग म्हणा. गंमत अशी, की या सरळ म्हणवणाऱ्या मकामाचा गंधार आपल्या कोमलातही बसत नाही आणि शुद्धातही नाही. तो दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो. इस्तंबूलला जरा चढा, कैरोत जरा उतरता. निषादाचंही तसंच. पेटीवर हे स्वर शोधायला जाऊ नका, मिळणार नाहीत.

अरबांच्या ऊद या तंतुवाद्यावर मात्र ते सहज वाजतात, कारण ऊदच्या दांडीला पडदेच नसतात. सरोदासारखं, बोट टेकेल तिथे स्वर. हाच ऊद स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात शिरला. पालेर्मोच्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहाच्या छतावर बाराव्या शतकात रंगवलेले ऊदवादक आजही बसलेले दिसतात. ‘अल-ऊद’मधला ‘ल’ नावाला चिकटला आणि वाद्य झालं ल्यूट. पुढे युरोपीय वादकांना एकाच वेळी दोन-तीन स्वरावली वाजवायच्या होत्या. म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी हातातली पिसाची काडी टाकली आणि बोटांनी छेडायला सुरुवात केली. दांडीवर तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, पडदेही बांधले होतेच. मग रास्तचा गंधार उरणार कुठे?

मी मूळचा सतारीचा माणूस. पडदा सरकवायचा म्हटलं की आम्हाला काही वाटत नाही, राग बदलला की गंधाराचा पडदा खालीवर होतोच. एका मित्राचं ल्यूट महिनाभर माझ्याकडे होतं, तेव्हा म्हटलं बघू या.

आता जरा मनात चित्र काढा. ल्यूटला तारांच्या सहा जोड्या. काळी-पांढरी सोडा, आपल्या भाषेत खालून वर त्या लागतात अशा: प, सा, म, ध, रे, प. चौथा पडदा मी पाव स्वराने उतरवला, म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर साधारण दीड सेंटिमीटर मागे घेतला. आणि काय सांगू, सगळं जमून आलं! सा च्या जोडीवर तिथे रास्तचा ग, दोन्ही प च्या जोड्यांवर तिथेच रास्तचा नि. म च्या जोडीवरचा ध तेवढा बिघडतो, पण ध ची जोडी शेजारी मोकळीच आहे की.

दुसरा पडदाही तसाच उतरवला, त्याने मात्र रडवलं. रे आणि ध च्या जोड्यांवर त्याने हवा तो ग आणि नि दिला, पण पडदा सरळ आडवा, सहाही जोड्यांखालून जाणारा. उरलेल्या चार जोड्यांवर रे, प आणि दोन्ही ध बेसूर झाले. त्यातले तीन सातव्या पडद्यावर सापडले: मंद्र प च्या सातव्यावर रे, सा च्या सातव्यावर प, रे च्या सातव्यावर वरचा ध. सगळ्यात खालचा ध गेला तो गेलाच. डाव्या हाताला सारख्या उड्या माराव्या लागतात, आणि द्रुतात हात पोचत नाही.

याला एक जुना तोडगा आहे. दोनच जोड्यांखाली लाकडाची छोटी चकती चिकटवायची. इटालियन लोक तिला तास्तिनो म्हणत. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो हे नावाजलेले ल्यूटवादक, त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. मित्राच्या वाद्याला सरस लावायची माझीही हिंमत झाली नाही.

आणखी एक फजिती. ल्यूटची दांडी खुंट्यांकडे निमुळती होत जाते. त्यामुळे पडदा मागे सरकवला की तात सैल पडते आणि तार झणझणते. सतारीवर हे कधी जाणवलं नव्हतं. शेवटी तिकिटाच्या कागदाची घडी करून दांडीमागे तातीखाली सारली, तेव्हा आवाज स्वच्छ झाला.

पडद्यांना दोष देत बसलो होतो, पण आठव्या शतकात बगदादला झलझल नावाचा ऊदवादक होऊन गेला. त्याच्या नावाने मधल्या बोटाची एक जागा ओळखली जाते, ‘वुस्ता झलझल’. दहाव्या शतकात फाराबी या तत्त्वज्ञ-संगीतशास्त्रकाराने तिचं माप, म्हणजे पूर्ण तार आणि दाबल्यावर उरणारी तार यांच्या लांबीचं प्रमाण, २७ ला २२ असं लिहून ठेवलं. ती जागा म्हणजे आपला हाच मधला गंधार. आणि फाराबी ही मापं सांगतो ती ऊदच्या दांडीवरच्या पडद्यांची! म्हणजे त्या काळी ऊदलाही पडद्यांची भाषा होती, फक्त पडदे कुठे बांधायचे ते वेगळं होतं.

उजव्या हाताची गोष्ट निराळी. ऊदवादक रीशाने, म्हणजे लांब पट्टीसारख्या नखीने, एका स्वरावर थरथर धरून ठेवतो. बोटांनी ते होत नाही. स्पेनमधले विहुएला या गिटारसारख्या जुन्या वाद्याचे वादक एकट्या तर्जनीने आत-बाहेर छेडायचे, त्याला देदिल्यो म्हणत. मी तेच केलं. पहिल्या दिवशी नख तातीत अडकून तुटलं.

आता ऐकवतो ती लहानशी समाई आहे, म्हणजे अरबी-तुर्की संगीतातली एक वाद्यरचना. दहा मात्रांचा ठेका, पण झपतालासारखा दोन-तीन-दोन-तीन नाही, तर तीन-दोन-दोन-तीन. हाताने धरून पाहा, तिसऱ्या आवर्तनापर्यंत चुकाल. तेवढ्यात रे च्या जोडीवर तो गंधार येईल. मागे बारीक खरखर ऐकू आली तर ती त्या तिकिटाची.