खाणीच्या गावातली पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडात फ्लिन फ्लॉन नावाचं एक गाव आहे. मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या दोन प्रांतांच्या सीमेवर, पार उत्तरेला. गाव वसलंय नुसत्या कातळावर. सांडपाण्याचे नळ पुरायला मातीच नाही. मग ते जमिनीवरूनच नेले, लाकडी पेट्यांत झाकून, आणि त्या पेट्यांवरून लोक ये-जा करू लागले. म्हणजे गटार तेच, पायवाटही तीच!

अशा ठिकाणी माणसं आली ती तांब्या-जस्तासाठी. १९२७ साली खाणकंपनी उभी राहिली आणि त्याच साली गावाचा आइस हॉकीचा संघही. नाव बॉम्बर्स. पुढे त्याचा ज्युनिअर संघ नावारूपाला आला. ज्युनिअर म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं. इतक्या आडगावात बाहेरचा चांगला खेळाडू कशाला येईल? पण इथे कंपनीत काम मिळायचं. काम करायचं आणि बर्फावर उतरायचं. हाताला काम असलं की पोरगं घरापासून लांबही टिकतं.

१९५७ साली या संघाने मेमोरियल कप जिंकला. कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीचा हा सर्वोच्च चषक. समोर होता ऑटावाचा संघ, राजधानीचा. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि चषक खाणकामगारांच्या गावात आला.

पण मला खरं सांगायचंय ते पुढच्या दशकातल्या एका मुलाबद्दल. बॉबी क्लार्क, गावातलाच, १९४९चा जन्म. लहान वयातच मधुमेह जडला. इन्सुलिनवर असलेला मुलगा हा धसमुसळा खेळ कसा झेपवणार, अशी शंका सगळ्यांनाच. त्याच्या जोडीला रिव्हर्टनहून आलेला रेजी लीच, ओजिब्वे या मूलनिवासी समाजातला. १९६७-६८च्या हंगामात लीचने ५९ सामन्यांत ८७ गोल केले. बरेचसे क्लार्कने तयार करून दिलेले, हे सांगायलाच हवं. गोल करणाऱ्याचं नाव राहतं, पास देणाऱ्याचं विसरतं.

प्रशिक्षक पॅट गिनेल मात्र हुशार. त्यांनी क्लार्कला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये नेलं आणि पथ्यपाणी सांभाळलं तर हा व्यावसायिक हॉकी खेळू शकतो, असं डॉक्टरांकडून लिहूनच घेतलं. तरीही व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या १९६९च्या निवडीत सोळा नावं पुकारून झाली, तेव्हा कुठे सतरावं नाव क्लार्कचं आलं. फिलाडेल्फिया फ्लायर्स या अमेरिकी संघाने त्याला घेतलं. त्यांनीही पहिल्या फेरीत दुसऱ्यालाच पसंती दिली होती बरं! त्याच क्लार्कच्या नेतृत्वाखाली १९७४ आणि १९७५ साली फ्लायर्सनी स्टॅनली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचा सर्वोच्च चषक, जिंकला. १९७४मध्ये लीचही तिथेच आला आणि १९७५-७६मध्ये त्याने ६१ गोल केले.

इकडे गावात १९७८ साली मोठ्या ज्युनिअर लीगमधला संघ एडमंटन शहरात गेला. बॉम्बर्स हे नाव गावाने सोडलं नाही. १९८४पासून ते सस्कॅचेवानच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळताहेत. धातू गाळायची भट्टी २०१०मध्ये विझली, २०२२मध्ये शेवटची मोठी खाणही बंद झाली. व्हिटनी फोरम या रिंकवर मात्र एक गंमत अजून चालते. मूस म्हणजे सांबराचा अवाढव्य भाऊबंद म्हणा. संघ जिंकला की त्याची खुरासकट तंगडी प्रेक्षकांतून थेट बर्फावर येऊन पडते.