रामटेकचे रोडगे

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी सात वाजता अर्धं नागपूर तर्री-पोह्याच्या गाड्याभोवती उभं असतं. मी त्या वेळी मैदानावर तोंडात शिट्टी धरून उभा असतो. महाल भागात माझं बाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर वह्या-रजिस्टरं शिवायची आणि रविवारी स्काउट पथक घ्यायचं, असं बावीस वर्षं चाललंय. पगार नाही, मानधन नाही. दोरी, मलमपट्टी, शिट्टी सगळं घरचं. बायको म्हणते, एक वेळ दोरीचं समजू शकते, शिट्टीसुद्धा घरची?

आजचा विषय मला लेखी आला तो असा : 'युवक पथकांतील स्वयंसेवी नेतृत्वापुढील आव्हाने'. भारदस्त आहे. मैदानावरच्या भाषेत सांगायचं तर पोट्टे भरपूर आणि मोठी माणसं नाहीत. पालकसभेत "सर, तुम्ही फार मोठं काम करता" असं बारा जण म्हणतात. मग मी विचारतो, "मदतीला कोण येतं?" की बाराही जणांना एकदम आठवतं, गाडी नो-पार्किंगमध्ये लावली आहे.

स्काउट म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो गळ्यातला स्कार्फ बांधलाय, नाहीतर धुतलाय तरी. फक्त एक गोष्ट सांगतो, पुढे लागणार आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी नावाच्या बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर भरवलं. वीसेक मुलं होती, काही बड्या शाळांतली, काही कामकऱ्यांच्या घरची. त्यांचे चार संघ पाडले : लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा एक पाणपक्षी. प्रत्येक संघाचा नायक मुलांतलाच. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० ची. त्याआधी मालवीयजी आणि हृदयनाथ कुंझरू यांची सेवा समितीची स्काउट संघटना होती, तो इतिहास मोठा आहे, पुन्हा कधीतरी. पण संघाची पद्धत तीच राहिली. सहा ते आठ मुलं, त्यांचा एक संघनायक, आणि मोठ्या माणसानं बाजूला उभं राहायचं.

बाजूला उभं राहायचं. वाचायला एक ओळ आहे. मला ती जमायला तेरा वर्षं लागली, आणि ती जमवली एका व्हॅनवाल्यानं.

डिसेंबर २०१६. नाताळची सुटी, शनिवार ते सोमवार, दोन रात्रींचा मुक्काम. रामटेकच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याची जागा मिळाली होती. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, धुऱ्यावर मोहाची दोन झाडं आणि विहिरीला पाणी. मुलं सव्वीस. मोठे तिघं ठरलेले : मी, एक शिक्षक आणि एक बँकेतले गृहस्थ.

शनिवारी पहाटे साडेपाचला शिक्षकांचा फोन. ताप. सहाला बँकेतल्यांचा. ते दिवस आठवा, नोटाबंदीचे. साहेबांनी सोमवारची रजा रद्द केली होती. त्यांना तरी काय बोलणार, बँकेबाहेर लोक उजाडायच्या आधीपासून रांगेत उभे.

इतवारी स्टेशनवर सव्वीस पोट्टे, सव्वीस सॅक, चार पोती सामान आणि मोठा माणूस मी एकटा. आमच्यात एक नियम आहे आणि तो मोडायचा नाही म्हणजे नाही. मुक्कामाला एकटा मोठा माणूस मुलांना घेऊन जात नाही. कमीत कमी दोन. लिहून घ्या हवं तर, कमीत कमी दोन. एकाला रात्री काही झालं तर मुलांनी कुणाकडे बघायचं, हे एक कारण. दुसरं कारण आईबापांना सांगावं लागत नाही.

तर मी परत फिरायच्या बेतात होतो. सव्वीसांतल्या सात मुलांना घेऊन आलेला व्हॅनवाला तिथेच होता. शाळेच्या मुलांची ने-आण करणारा. त्याचा स्वतःचा मुलगा आमच्याच पथकात, त्यामुळे माणूस चार वर्षं ओळखीचा. पण ओळख कसली? तो मैदानाच्या कुंपणाबाहेर व्हॅनला टेकून उभा राहायचा, मी लांबून हात करायचो. झाली ओळख.

मी त्याला चळवळ, योगदान, असलं काही म्हटलं नाही. गाडी लागलेली होती. म्हटलं, "भाऊ, सोमवार संध्याकाळपर्यंत सोबत चालता का? काम एकच. रात्री झोपताना मोजायचं, मुलं सव्वीस आहेत की नाही."

"मले काय येते जी?"

"सव्वीसपर्यंत मोजता येतं ना?"

हसला. बायकोला फोन लावला, व्हॅनची किल्ली पानठेल्यावर ठेवली, आणि पायात चपला, अंगात अर्ध्या बाह्यांचं स्वेटर अशा थाटात पॅसेंजरमध्ये चढला. डिसेंबरातल्या रामटेकला. अर्ध्या बाह्यांचं.

पहिला दिवस पार पडला. खिचडी. खिचडी बिघडवणं तसं अवघड असतं. तंबू उभारताना एका संघाच्या गाठी सुटत होत्या आणि इथे मला एक बोलू द्या, कारण धागा-दोरी हा माझा धंदा आहे. नायलॉनच्या दोरीवर पोरांना गाठी शिकवू नका. ती घसरते. क्लोव्ह हिच बांधली की दोन मिनिटांत सैल, आणि पोराला वाटतं आपलं चुकलं. सुती दोरी घ्या. चार पैसे जास्त जातील. ज्यानं निळ्या नायलॉनवर मुलांची परीक्षा घेतली, त्यालाच त्या दोरीनं तंबू बांधून आत झोपवावं असं माझं मत आहे. असो.

रविवारी सकाळी गडमंदिर. रामटेकची वानरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना पुढचं कळलंच. एका मुलानं ब्रेडची पिशवी खालच्या फांदीला अडकवून ठेवली होती. पाच पुडे. त्यात गूळही. एक वानर शांतपणे आलं, पिशवी काढली, आपण भाजी घेऊन घरी जातो तसं निघून गेलं. सव्वीस जण बघत राहिले. म्हणजे सकाळच्या न्याहारीचं आणि मधल्या वेळचं खाणं गेलं, आणि सगळी मदार आली संध्याकाळच्या रोडग्यांवर.

आता रोडगे कसे करतात ते विदर्भाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. गोवऱ्या आणल्या होत्या, दोन पोती. पण ज्या संघाकडे सरपणाचं काम होतं, त्यांनी रात्री पोती झाकलीच नव्हती. दवानं वरून भिजून गेलेली. संघनायक तेरा वर्षांचा, हुशार, हट्टी, कपाळावर केस. तो गोवऱ्या आडव्या रचायचा, वर तणस टाकायचा, काडी लावायचा. तणस भडाडा पेटायचं. मुलं ओरडायची. मिनिटभरानं काळा धूर आणि गोवऱ्या होत्या तशाच. पुन्हा तणस. सात वाजले. साडेसात. आठ. कणीक मळून ठेवलेली, वांगी चिरून काळी पडलेली, तुपाचा डबा थंडीनं दगड झालेला. साडेआठला एक लहान मुलगा रडायला लागला.

मी उठलो. बावीसातली तेरा वर्षं मी हेच केलं होतं, खरं सांगतो. तंबू कलला की मी सरळ करायचो, भात लागला की मी डाव धरायचो. मुलांना वाटायचं सर किती करतात. मलाही तसंच वाटायचं. आणि दर वर्षी जूनमध्ये मी तक्रार करायचो की कुणी पुढे येत नाही.

तर मी उठलो, आणि माझ्या मनगटावर हात पडला.

"सर, बसा न. त्याहिले करू द्या."

"अहो, साडेआठ झाले. पोरं उपाशी आहेत."

"उपाशी हायेत म्हनूनच पेटवतीन."

मी बसलो. का बसलो ते आजही नीट सांगता येणार नाही. थंडी होती, थकलो होतो, आणि त्याचा हात अजून मनगटावर होता.

मग तो उठून संघनायकाशेजारी उकिडवा बसला. गोवरीला हात लावला नाही त्यानं. विचारलं, "तुह्या घरी चूल हाय का?"

"गॅस आहे, काका."

"मंग तुले कसं ठाऊक असीन? तणस टाकत राहशीन तं रात्र सरून जाईन. एक गोवरी फोड."

पोरानं फोडली. आत कोरडी ठक्क. वरूनच ओली होती. त्यानं एकदा काकाकडे बघितलं, एकदा गोवरीकडे, आणि मग काही सांगावं लागलं नाही. सगळा संघ गोवऱ्या फोडायला बसला. फोडलेली बाजू आत, गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकून, मधे वाऱ्याला वाट. खाली मूठभर तणस. नऊला पेटलं. पावणेदहाला निखारे झाले. रोडगे आरात गेले, वरून राख लोटली, आणि तुपाचा डबा जवळ सरकवला.

साडेदहाला जेवलो. कुणाचा रोडगा क्रिकेटच्या बॉलएवढा, आतून कच्चा. कुणाचा चपटा, कोळसा झालेला. राख फडक्यानं झटकायची आणि तुपात चुरायचा. वांग्याची भाजी खाली लागलेली, वर सांबार टाकायचा राहिला. पुण्या-मुंबईकडचं कुणी ऐकत असेल तर सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. यावरून मी वाद घालत नाही, शब्द आमचाच बरोबर आहे. रडणाऱ्या मुलानं पाच रोडगे खाल्ले.

बारा वाजता आमचा व्हॅनवाला टॉर्च घेऊन मोजायला निघाला. मी पांघरुणातून बघत होतो. तंबूतंबूतून फिरून आला, थांबला, परत फिरला. पंचवीस. पुन्हा मोजले. पंचवीस. मला उठवलं नाही त्यानं. विहिरीकडे आधी गेला, मग धुऱ्याकडे, मग सरपणाकडे. तिथे संघनायक होता. एकटा, डोक्याला मफलर गुंडाळून, उरलेल्या गोवऱ्यांवर ताडपत्री ओढत होता. सकाळच्या चहासाठी. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवत होता.

हा त्याला हाक न मारता मागे फिरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सव्वीस." बाकीचं परतीच्या गाडीत सांगितलं.

बघा, गोष्टीतच निम्म्याहून जास्त वेळ गेला. घरीही माझं असंच होतं. आता भरभर सांगतो.

माणसं मिळत नाहीत, कारण आपण माणूसच मागतो, अख्खा. "पथकाला वेळ द्या." किती वेळ? कधीपर्यंत? हे सांगत नाही, म्हणून समोरचा घाबरतो. एक काम मागा. नेमकं मागा, आणि ते कधी संपतं ते सांगा. पुन्हा म्हणतो : एक काम, नेमकं, आणि संपणारं. आमच्याकडे एक आई फक्त प्रथमोपचाराची पेटी बघते, महिन्यातून एकदा, मुदत गेलेलं मलम काढून टाकते. एक आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेत, ते फक्त गाड्यांची वेळ आणि तिकिटं बघतात. ते मैदानावर कधी आलेले नाहीत. चालतं.

प्रशिक्षण मात्र लागतं. बेसिक, मग ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि नागपूरकराला पचमढी परकी नाही, जुन्या मध्य प्रांताची ती उन्हाळी राजधानी. पण प्रशिक्षणाचा अर्ज पहिल्याच दिवशी समोर ठेवू नका. आमच्या व्हॅनवाल्यानं बेसिक केलं ते दोन वर्षांनी, आणि पुढचं केलं नाही. लिहिण्याचा कंटाळा, आणि सुट्ट्यांत व्हॅनला लग्नाची भाडी असतात. त्याला मी दोन-तीनदा टोकलं, मग सोडून दिलं.

बाहेर जाण्याबद्दल दोनच सांगतो. नागपुरात मुलांना रानात नेण्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. होळी झाली की बाहेरचे मुक्काम बंद, सकाळी नऊच्या आत सावली. आणि दुसरं, पाणी. कन्हानच्या पात्रात मुलांना उतरवू नका. वरून गुडघाभर दिसतं, आणि जिथून रेती उपसली तिथे डोह असतो. उतरवू नका. पोहता येणाऱ्यालासुद्धा. तलावावर गेलात तरी काठावरूनच पक्षी बघायचे.

सवलतीचे गुण मिळतात म्हणून मुलाला घालायचं का, असं पालक विचारतात. घाला. गुणासाठी आलेला मुलगाही तंबूत थंडीनं तेवढाच कुडकुडतो. चिप्सचे पुडे मात्र देऊ नका, वानरांना वास लागतो.

स्टुडिओच्या काचेपलीकडून एक बोट वर झालंय, म्हणजे एक मिनिट. कागदावर संमतीपत्राचा मुद्दा राहिला. लेखी घ्या, फोनवरचं "हो" धरू नका. येत्या रविवारी आम्ही गोरेवाड्याला पक्षी बघायला जातोय. व्हॅनवाल्याला लग्नाचं भाडं आलंय, त्यामुळे मोजायला एक माणूस कमी आहे. मुलं या वेळी एकतीस आहेत.

नमस्कार.