हरवलेल्या दीर्घिकेचा पत्ता

(पन्हाळा, एप्रिलची रात्र. आग्नेयेला कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड.)

एप्रिलात मध्यरात्रीच्या आसपास अरुंधती केश हा तारकासमूह इथून जवळजवळ डोक्यावर येतो. त्यातली मेसिए ९१, म्हणजे मेसिए यांच्या यादीतली ९१वी नोंद, ही दीर्घिका दुर्बिणीत धरायची तर मान पार मागे टाकावी लागते. हीच दीर्घिका पावणेदोनशेहून जास्त वर्षं बेपत्ता होती.

१८ मार्च १७८१च्या रात्री पॅरिसमध्ये शार्ल मेसिए या खगोलनिरीक्षकाने तिची जागा टिपून ठेवली. पुढच्यांनी तिथे दुर्बीण लावली, तर जागा रिकामी! १९६९मध्ये टेक्ससच्या विल्यम विल्यम्स या हौशी निरीक्षकाने कोडं सोडवलं, तेही कागदावर. मेसिए जवळच्या ओळखीच्या वस्तूपासून अंतर मोजत. त्या रात्री त्यांनी बहुधा मोजलं मेसिए ८९पासून आणि हिशेब धरला मेसिए ५८पासून. शेताच्या मोजणीत हद्दीचा दगडच चुकीचा धरला, की बांध शेजाऱ्याच्या उसात जातो, तसं झालं. दगड बदलून पाहिला आणि बोट एनजीसी या दुसऱ्या, मोठ्या यादीतल्या ४५४८ क्रमांकाच्या दीर्घिकेवर आलं.

(जुन्या यादीचं पान, आकडे जवळून.)

ही तशी ठळक दीर्घिका. खरी डोकेदुखी फिकट दीर्घिकांची. खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांच्या १८८८च्या एनजीसी यादीत ७८४० नोंदी आहेत, जागांचे आकडे १८६० सालच्या आकाशाचे. पृथ्वीचा अक्ष डोलतो, त्यामुळे २०००पर्यंत हे आकडे जवळजवळ दोन अंशांनी सरकले, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत इतके. ते गणित संगणक चुटकीसरशी करतो. माणसाच्या चुका मात्र माणसालाच शोधाव्या लागतात.

व्हर्जिनियातल्या लिअँडर मॅककॉर्मिक वेधशाळेच्या कित्येक नोंदींत विषुवांश, म्हणजे तास-मिनिटांत मोजलेली आकाशातली पूर्व-पश्चिम जागा, फक्त पूर्ण मिनिटांत आहे. आकाशाच्या विषुववृत्ताजवळ एक मिनिट म्हणजे पाव अंश. तेवढ्या पट्ट्यात आजच्या छायाचित्रात तीन-चार फिकट ठिपके सहज दिसतात. मग त्यातला कोणता? अशा वेळी नोंदीतलं वर्णन कामी येतं: ‘अतिशय फिकट, लहान, गोल, शेजारी जोडतारा’. तो जोडतारा ज्या ठिपक्याशेजारी सापडेल, तो आपला.

१९७३च्या सुधारित यादीत अशा अनेक नोंदींवर ‘अस्तित्वात नाही’ असा शिक्का बसला. घाईच झाली म्हणायची! आकडा चुकला म्हणून पाहणाऱ्याने काही पाहिलंच नाही, असं कसं? खगोलशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉर्विन आणि इतरांनी मूळ नोंदवह्या उघडल्या आणि त्यातल्या कितीतरी दीर्घिका परत मिळाल्या. काही नोंदी मात्र निव्वळ तारे निघाल्या. फ्रेंच निरीक्षक बिगूर्दाँ यांच्या यादीत असे बरेच आहेत.

(कोल्हापूर, राजारामपुरी. खोलीत लॅपटॉप, पडद्यावर आकाशाचं छायाचित्र.)

या कामाला पन्हाळा चढायची गरज नाही. आकाश-सर्वेक्षणांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट आहेत. एखादी नोंद अडली, की त्याच निरीक्षकाच्या त्याच रात्रीच्या बाकी नोंदी काढायच्या. त्या सगळ्या एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील, तर हरवलेलीही तिकडेच शोधायची. आणि दोन ठिपके सारखेच जुळले, तर नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं.