घरी कोणता शब्द आला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, इंदूर येथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदया, मंडळाचे सगळे काका-काकू, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांनो, नमस्कार.

१९९० च्या गणपतीतली गोष्ट. आम्ही राजेंद्रनगरला राहायचो. कॉलनीच्या गणपतीपुढे रात्री रंगीत टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर लागायचा. कुणाचे तरी मामा पुण्याहून ‘अशी ही बनवाबनवी’ची कॅसेट घेऊन आले होते. ती इतक्या घरांतून फिरून आली होती की मधेच पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्र वर सरकायचं, आवाज बसायचा. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार आणि अशोक सराफांचा धनंजय माने यांचा तो प्रसंग सुरू झाला. इस्तंबूलहून येणारं मधुमेहाचं औषध, त्यासाठी दिलेले सत्तर रुपये. नेमका तिथेच आवाज गेला. आणि अंधारातून आमच्या शेजारच्या काकू खणखणीत म्हणाल्या, “सत्तर रुपये वारले!” त्यांनी सुट्टीत पुण्याला चित्रपट पाहिलेला होता. अख्खं पटांगण हसलं. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते काकूंच्या तोंडून. पडद्यावरून ऐकलं, त्याला पुढे बरीच वर्षं लागली.

आज हे आठवायचं कारण, जुन्या विनोदी चित्रपटांचे नवे अवतार आणि त्यावरून आपल्या घराघरांत होणारे वाद. माझ्या घरी तर जेवणाची ताटं सुकतात. भाचा म्हणतो, जुन्याला हात लावूच नका. मुलगा म्हणतो, मग नव्या पिढीने करायचं काय, तुमच्याच वाक्यांवर जन्म काढायचा? मोठी मावशी म्हणते, मला काही कळत नाही, अशोकमामा पडद्यावर दिसले की माझे पैसे वसूल. तिघंही मनापासून बोलतात, म्हणून मला तिघांचंही पटतं.

पण “हात लावू नका” म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्याला आपण अस्सल म्हणून जपतो, तो ‘बनवाबनवी’ स्वतःच एक नवा अवतार होता. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ सालचा. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायका होण्याची कल्पना तिथली. १९८८ साली सचिन पिळगावकरांनी ती मराठीत आणली. ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाचं मूळ शोधत गेलं तर इंग्रजीतून थेट फ्रेंच मोलिएरपर्यंत पोचतं. पण त्यातला संशयी फाल्गुनराव फ्रेंच आहे, असं आपल्यापैकी कुणाला कधी वाटलं का? तो आपल्याच आळीतला आहे.

तेव्हा गोष्ट उसनी घेण्यात काही बिघडत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ‘बनवाबनवी’चे संवाद लिहिले वसंत सबनीसांनी. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे सबनीस. लोकनाट्यातली बतावणी त्यांच्या कानात मुरलेली होती. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने तो झेलून उलटा फिरवायचा. म्हणून “धनंजय माने इथेच राहतात का?” हा साधा पत्त्याचा प्रश्न असूनही आपण तो पस्तीस वर्षं एकमेकांच्या दारात उभं राहून विचारतो आहोत. कथा हिंदीतून आली, पण कानाला जी गोडी लागली ती सबनीसांच्या मराठीची.

आमची सून माळव्यातल्या हिंदीभाषक घरातली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत आम्ही सगळे हा चित्रपट बघत बसलो होतो. सत्तर रुपयांवर आम्ही हसलो आणि ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या सासूने तिला समजावलं. ‘वारले’ हा शब्द आपण माणसासाठी वापरतो, तोही आदराने, आवाज खाली आणून. आजोबा वारले, गुरुजी वारले. तोच शब्द नोटांना लावला की काय होतं बघ. ती क्षणभर थांबली आणि मग एकटीच इतकी हसली की आम्हाला चित्रपट मागे घ्यावा लागला. महिन्याभराने सकाळी चटणी वाटताना स्वयंपाकघरातून हाक आली, “आई, मिक्सर वारला!” तिने स्वतःहून, कुणी न सांगता केलेला तो पहिला मराठी विनोद. त्या दिवशी आमच्या घरी मराठीत एक माणूस वाढलं, असं मी मानतो.

तेव्हापासून विनोदी चित्रपट पाहून आलो की मी एकच बघतो. त्यातून घरी कोणता शब्द आला?

२०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा २’ आला. पहिला २००४ चा. पहिल्यात एसटीने गणपतीपुळ्याला जायचं होतं, दुसऱ्यात कोकण रेल्वेने. पहिल्यात कंडक्टर असलेले अशोक सराफ दुसऱ्यात टीसी होऊन आले. आम्ही तीन पिढ्या मिळून पाहायला गेलो. मामांची एन्ट्री झाली तेव्हा मावशीने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याही घशात दाटून आलं. हा आनंद मी कमी लेखत नाही. पण परतताना गाडीत जी वाक्यं निघाली ती पहिल्या भागातली. नव्यातलं एकही माझ्या नातवाच्या तोंडी बसलं नाही. माझी हुरहुर आहे ती एवढीच. नवे अवतार बहुतेक वेळा आपलीच जुनी वाक्यं आपल्याला परत देतात. आपण ओळखीच्या आनंदाने टाळ्या वाजवतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. पुण्यामुंबईत हे चालून जाईल. तिथे रिक्षात, भाजीवाल्याकडे, शाळेत रोज नवी मराठी कानावर पडते. आपल्याला ती कुठून मिळणार? उंबऱ्याबाहेर हिंदी, मुलांच्या मोबाईलवर इंग्रजी. नाटकाचे दौरे येतात तेवढे दिवस कान तृप्त होतात. आपली पोरं “मी येऊन राहिलोय” म्हणतात त्याची मला लाज वाटत नाही, ती आपली इंदुरी मराठी आहे. पण तिच्यात नवी भर पडली पाहिजे.

लक्ष्मीकांत बेर्डे यांना संगणकाच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणावं का, यावरही आपल्याकडे तावातावाने बोललं जातं. मला ते नको वाटतं. लक्ष्या २००४ च्या डिसेंबरात गेला. चेहरा उभा करता येईल, आवाजही जुळवता येईल. पण समोरचा अशोक सराफ ऐन वेळी कुठे थांबेल हे ओळखून त्याच क्षणी पापणी लववणं कसं जुळवणार? ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू बाहुला होता, तरी जिवंत वाटला. त्याच्यामागे रामदास पाध्यांची बोटं होती आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता. कुणीतरी माणूस त्या क्षणी तिथे हजर होता.

मग नव्या लोकांनी करावं काय? माझ्या मनात एक चित्र आहे ते सांगतो. भंवरकुआँला जा. गावोगावहून कोचिंगला आलेली पोरं खोली शोधत फिरत असतात. फाटकाफाटकावर पाटी, ‘किराये से देना है’, आणि खाली ‘केवल परिवार’. बराचसा हिंदी मुलूख ‘किराये पर’ म्हणतो, आपलं इंदूर ‘किराये से’ म्हणतं. मला तर त्यात आपलं ‘भाड्याने’च ऐकू येतं. त्या फाटकाच्या आत एखादे मराठी काका राहत असणार, सकाळी पोहे-जिलेबी आणून पेपर वाचणारे, भाडेकरूशी निम्मं हिंदीत आणि निम्मं मराठीत भांडणारे. १९६६ ची कल्पना पुन्हा घ्या, खुशाल घ्या. पण ती या फाटकातून आत आणा आणि त्या काकांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसेन, आणि भाच्यालाही हाताला धरून नेईन.

आता माझ्यामागे पडदा लागतो आहे, आज आपण तोच चित्रपट दाखवणार आहोत. मोठ्यांना हात जोडून एक विनंती. सत्तर रुपयांचा प्रसंग येईल तेव्हा कृपा करून कुणी आधी बोलू नका. आज आवाज जाणार नाही, आमच्या मुलांनी दोनदा तपासून घेतला आहे. सतरंजीवरच्या या पोरांपैकी बऱ्याच जणांनी ते वाक्य अजून ऐकलेलं नाही.